मसाई पठारावर न घेतलेला थांबा : टाचेच्या एका फोडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हाळगडावरून पावनखिंडीकडे पायी निघणाऱ्यांची रीघ लागते. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले आणि घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभूंनी बांदल मावळ्यांना घेऊन पाठलाग रोखला, ती ही वाट. एरवी सह्याद्रीत फारसं न फिरणारी माणसंसुद्धा या एका मोहिमेला आवर्जून येतात. पाऊस, धुकं, गुडघाभर चिखल आणि लाल पाण्याचे ओढे हे गृहीतच असतं.

आमचा गट हौशी आहे. यादी करणं, एस.टी.चं किंवा गाडीचं बघणं, मुक्कामाच्या गावात जेवणाचं सांगून ठेवणं ही कामं माझ्याकडे असतात, म्हणून सगळे मला लीडर म्हणतात. त्या वर्षी आम्ही 22 जण होतो. पहिल्या दिवशी पन्हाळा ते करपेवाडी, तिथे एका घरात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पावनखिंड. कोण कुठून मोजतो त्यावर आकडा बदलतो, पण सगळं मिळून 50 किलोमीटरच्या आसपास चाल पडते.

ज्यांच्याबद्दल हे लिहितोय त्यांना गटात सगळे ताई म्हणतात. वय 44, शाळेत शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत. ताईंनी हे वाचून होकार दिला आहे.) महिन्यातून दोनदा सिंहगड, रोज सकाळी टेकडी. मधुमेह नाही, पायाचं जुनं दुखणं नाही. दमाच्या बाबतीत त्या आमच्यातल्या निम्म्या पोरांना मागे टाकतील.

बूट मात्र नवे होते. तीन आठवडे आधी घेतलेले, घोट्यापर्यंत येणारे, वॉटरप्रूफ. दुकानात सकाळी जाऊन पातळ मोज्यावर माप बघितलेलं. नंतर सोसायटीच्या आवारात आठ-दहा फेऱ्या मारल्या आणि ‘रुळले’ म्हणून ठेवून दिले. ट्रेकसाठी खास जाड कॉटनचे मोजे घेतले, तेही नवे, आणि ते त्या बुटात पहिल्यांदा गेले पन्हाळ्यावर.

माझ्या सूचनापत्रात रेनकोटबद्दल चार ओळी होत्या. पायाबद्दल एकच : ‘चांगले ट्रेकिंग शूज आणावेत.’

अडचण

सकाळी साडेसहाला निघालो, राजदिंडीच्या वाटेने गड उतरलो. आठच्या आत पहिला ओढा लागला आणि पाणी बुटाच्या वरून आत गेलं. वॉटरप्रूफ बूट बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण एकदा पाणी वरून शिरलं की तो आतलंही बाहेर सोडत नाही. त्याची बादली होते. जाळीच्या साध्या बुटातून ओढा ओलांडल्यावर वीस-पंचवीस पावलांत बरंचसं पाणी पिचकाऱ्या मारत निघून जातं. ताईंच्या बुटात ते दिवसभर राहिलं.

म्हाळुंग्यावरून चढून साडेदहाच्या सुमारास मसाई पठारावर आलो. धुक्यात दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. तिथे उजव्या टाचेला चटका बसल्यासारखं झालं, असं ताईंनी नंतर सांगितलं. दुखत नव्हतं, नुसतं गरम लागत होतं. इंग्रजीत याला हॉट स्पॉट म्हणतात. आपल्याकडे ‘बूट चावायला लागला’ म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त नेमका वाटतो, कारण चावणारं जनावर वेळीच बाजूला करायचं असतं हे त्यात आलंच.

त्या थांबल्या नाहीत. मी नंतर खोदून विचारलं तेव्हा दोन कारणं निघाली. एक म्हणजे धुक्यात रांग तुटू नये, असं मीच दर दहा मिनिटांनी ओरडत होतो. दुसरं कारण ऐकून मी ओशाळलो. थोडं आधी एका पोराने बूट घट्ट करायला थांबलेल्याला टोमणा मारला होता : “सहाशे बांदल एका रात्रीत गेले इथून, आणि तुला नाडी बांधायला वेळ पाहिजे?” सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर मोजा सरळ करायला कोण बसणार?

कुंभारवाडीजवळ दीड वाजता डबे उघडले. 22 जणांतल्या एकानेही बूट काढले नाहीत. ‘एकदा काढले की परत घालवत नाहीत’ हे वाक्य ट्रेकवाल्यांत पिढ्यानपिढ्या चालत आलेलं आहे. पुढे खोतवाडीच्या बाजूला उतार आणि भातखाचरांचे बांध. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो, चढावर टाच वर उचलली जाते. ताईंच्या बुटात दोन्ही होत होतं, कारण भिजून बसलेल्या मोज्यामुळे टाचेकडे जागा झाली होती आणि दिवसभराच्या चालीने सुजलेल्या पंजाला पुढे जागा उरली नव्हती.

साडेसहाला करपेवाडीत पोचलो. ओसरीवर बूट काढले तेव्हा दिसलं ते असं : उजव्या टाचेला दहाच्या नाण्याएवढा टच्च फुगलेला फोड, आत स्वच्छ पाणी. डाव्या टाचेला त्याहून लहान, पण फुटलेला, कातडी एका कडेला लोंबत होती आणि खाली लालभडक. उजव्या करंगळीच्या बाजूला हरभऱ्याएवढा तिसरा. दोन्ही तळवे पांढरेफटक आणि सुरकुतलेले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांची सुरुवात.

इथे थोडं थांबून फोड येतो कसा ते सांगतो, कारण त्या रात्रीचे आमचे निम्मे वाद ते नीट माहीत नसल्यामुळे झाले. बूट घासून फोड येतो असं आपण म्हणतो. घासल्याने कातडी सोलवटते, तो प्रकार वेगळा. फोडात कातडी बाहेरच्या बाजूने मोज्याला आणि मोजा बुटाला धरून बसतो, आणि आतलं टाचेचं हाड दर पावलाला पुढे-मागे सरकतं. मधले थर दोन्हीकडून ओढले जातात. हजारो पावलांनंतर वरच्या कातडीच्या आतला एक थर फाटतो आणि त्या फटीत पाणी भरतं. म्हणून फोड टाचेवर, तळव्यावर, हाताच्या तळव्यावर येतात, जिथे कातडी जाड आणि घट्ट बसलेली असते. पातळ कातडी असेल तिथे नुसतं खरचटतं.

ओलाव्याचं काम कळायला वहीचं पान आठवावं. कोरड्या बोटाने पान उलटत नाही, बोट किंचित ओलं केलं की पकडतं. पायाचंही तसंच आहे. दमट कातडी मोज्याला जास्त पकडते, आणि भिजून मऊ पडल्यामुळे लवकर फाटते. कॉटनचा मोजा पाणी धरून ठेवतो, म्हणजे हा दमटपणा दिवसभर टिकवण्याची सोय त्यात आपोआप होते.

पर्याय

ओसरीवर अर्धं संमेलन भरलं. प्रत्येकाकडे इलाज होता.

एकाने चुलीवर सुई तापवायला घेतलीसुद्धा. दुसऱ्याचं म्हणणं, सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. हा उपाय अनेक चालणाऱ्यांकडून ऐकला आहे आणि पाणी झिरपतं हे खरंही आहे. पण ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने दुसऱ्या दिवशीचा चिखल आत जाणार. दोरा नको यावर लवकर एकमत झालं. कोणी हळद म्हणालं, कोणी टूथपेस्ट. टूथपेस्टने आग होण्यापलीकडे काही होत नाही. हळद स्वयंपाकघरातली, म्हणजे निर्जंतुक नाही, आणि उघड्या जखमेत पूड भरली की ती धुऊन काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. लोंबणारी कातडी कात्रीने कापून टाकावी असं एक मत होतं. ते मी अडवलं. ती कातडी मेलेली असली तरी खालच्या कच्च्या जागेवर तिच्याइतकं चांगलं पांघरूण आपल्या पेटीत दुसरं नसतं. फार मळलेली किंवा चुरगळलेली कड तेवढी स्वच्छ कात्रीने काढावी.

घरच्या आजी चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या शेवटी म्हणाल्या, “आगं पोरी, उद्या चालायचंय का घरी जायाचंय, त्ये आदी ठरीव. मग बघ फोडायचं का न्हाई त्ये.”

आम्ही तासभर उलट्या क्रमाने भांडत होतो. सुईचा निर्णय हा दुसऱ्या दिवसाच्या निर्णयावर अवलंबून होता. थांबायचं असेल तर न फुटलेला फोड तसाच ठेवणं सर्वांत चांगलं. आतलं पाणी हळूहळू शोषलं जातं आणि वरची कातडी शाबूत असेल तर साधारण पाच दिवसांत खाली नवा थर धरतो. चालायचं असेल तर मात्र टच्च भरलेला फोड बुटात फुटणारच, आणि तोही भातखाचरात, चिखलात. त्यापेक्षा रात्री घरात, साबणाने धुतलेल्या हातांनी, आपल्याला हव्या त्या जागी टोचून पाणी काढलेलं बरं.

चालणं सोडायचं तर सकाळी गावातून वडाप (सवारीची जीप) मिळाली की मलकापूर आणि तिथून घर. किंवा जीपने पांढरेपाण्याला जाऊन शेवटचा टप्पा गटाबरोबर करायचा. ताईंना दोन्ही नको होतं. वर्षभर ठरवून आलेल्या. “बघू सकाळी” म्हणाल्या. मी त्या दोन शब्दांना निर्णय समजलो.

काय केलं

पाय आधी साबणाने धुतले, प्यायच्या पाण्याने. गटातली एक मुलगी औषधांच्या दुकानात काम करते, तिने सूत्रं हातात घेतली आणि तापवलेली सुई बाजूला ठेवायला लावली. चुलीत धरलेल्या सुईला काजळी धरते. इंजेक्शनची नवी पाकीटबंद सुई पेटीत होती, ती वापरली. कडेची कातडी पोविडोन आयोडीन या जंतुनाशकाने पुसली. फोडाच्या माथ्यावर न टोचता खालच्या कडेला दोन-तीन ठिकाणी टोचलं, गॉजने हलकं दाबून पाणी काढलं, वरची कातडी तशीच बसवली. पाणी स्वच्छ होतं. ते गढूळ किंवा पिवळं असतं, तर पुढचा विषय डॉक्टरचाच होता. मधुमेह असलेल्या किंवा पायाची संवेदना कमी झालेल्या माणसावर तर हे असं ओसरीवर करूच नये.

डाव्या टाचेची लोंबती कातडी परत जागेवर पसरली, वर मलमाचा हात आणि न चिकटणारी जाळीदार पट्टी. इथे आमची एक चूक होता होता राहिली. चिकटपट्टी थेट जखमेवर लावायला निघालो होतो. ती काढताना वरची कातडीही घेऊन येते. आधी पॅड आणि चिकटपट्टी फक्त आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर, असं हवं.

उजव्या टाचेसाठी झोपायच्या फोम मॅटची कड कापून मेदूवड्यासारखं मधे भोक असलेलं वेटोळं केलं. भोकात फोड, दाब कडेवर. बरा जमला होता वडा.

मग बूट. एकाने ते चुलीशेजारी ठेवायला घेतले, पण तशाने सोलचा डिंक सुटतो. आजींनी कुठूनशी रद्दी काढून दिली, ती आत कोंबली, तासाभराने बदलली. तळव्यांना रात्रभर उघडी हवा. ताईंकडे मोज्यांचा कोरडा जोड उरलेला नव्हता, माझ्याकडचा दिला.

सकाळी सहाला ताई उठून उभ्या राहिल्या, दोनचार पावलं टाकली, “जमतंय” म्हणाल्या. मी त्यांना ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून परत, एवढंच चालायला लावलं. सपाट, कोरड्या जागेत कुठल्याही पायाला जमतं. चढावर आणि उतारावर बघायला हवं होतं. गावाबाहेरच दोन्ही होते.

निघाल्यावर तिसऱ्या किलोमीटरला त्या डाव्या पायाच्या चवड्यावर चालताना दिसल्या. टाच टेकवत नव्हत्या. अजून अर्ध्या तासाने उजवा गुडघा दुखायला लागला, ज्याचा फोडांशी थेट काही संबंध नव्हता. लंगडत चाललं की बिल दुसराच सांधा भरतो. तिथे मी थांबवलं. ताई चिडल्या, मग गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “काल पठारावरच बसायला हवं होतं मी.” पुढच्या वाडीत दूध घेऊन जाणारी गाडी मिळाली. आमच्यातला एक जण बरोबर दिला. दोघं पांढरेपाण्याला आमच्या आधी चार तास पोचले. पावनखिंडीत आम्ही उतरलो तेव्हा ताई वरच्या कठड्याशी छत्री धरून उभ्या होत्या.

निष्पत्ती

उजव्या टाचेचा फोड, ज्याचं आम्ही एवढं केलं, तो आठवड्यात विसरलासुद्धा गेला. त्रास दिला डाव्याने. तिसऱ्या दिवशी कडेची लाली पसरली, जागा गरम लागायला लागली, टाच ठणकायला लागली. ताई डॉक्टरांकडे गेल्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नव्हतं, ते मिळालं. पाच दिवस प्रतिजैविक. डॉक्टरांनी एक प्रश्न असा विचारला जो आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता : “उघड्या जखमेने भातखाचरात चाललात का?” पावसाळ्यात उंदरांच्या, गुरांच्या मूत्राने दूषित पाणी आणि चिखल कातडीच्या जखमेला लागला तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं यावर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवायला सांगितलं. तसं काही झालं नाही. बारा दिवस त्या शाळेत मागची पट्टी नसलेली चप्पल घालून उभं राहून शिकवत होत्या.

एवढ्याशा फोडाला एवढं काय, असं वाटणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा 16 वर्षांचा मुलगा 1924 मध्ये मोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि साधारण आठवड्यात तो गेला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज आहेत, म्हणून लाली पसरताना, पू दिसताना, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ किंवा ताप दिसताना घरगुती प्रयोग करत बसू नये.

मागे वळून पाहताना

निर्णयाची जागा शोधायला गेलो तर ती करपेवाडीची ओसरी निघत नाही. तिथे आमच्या हातात जे होतं ते आम्ही बरंचसं बरोबर केलं, सकाळची परीक्षा सोडून. खरी जागा साडेदहाचं मसाई पठार. तिथे पाच मिनिटं बसून मोजा पिळला असता, टाच पुसून कागदी टेप लावला असता, नाडी वरच्या भोकांतून फास घेऊन घोट्याशी आवळली असती तर टाचेची उचल थांबली असती. त्यासाठी लागणारं सगळं सामान माझ्या पाठीवरच्या पिशवीत होतं, ताईंपासून वीस पावलांवर.

त्याआधीची जागा माझं सूचनापत्र. आता त्यात पायावर अर्धं पान आहे. बूट संध्याकाळी घ्या, पाय सुजलेले असताना, जाड मोजा घालून, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. ज्या मोज्यांनी ट्रेक करणार त्याच मोज्यांनी, बूट मुद्दाम भिजवून, निदान दोन मोठ्या चाली करा. कॉटनचे मोजे नकोत. पावसाळ्यात वॉटरप्रूफपेक्षा पाणी सोडणारा बूट बरा, हे माझं मत आहे. त्यावर गटात अजून भांडण होतं, कारण जाळीतून बारीक वाळू आत येते आणि तीही चावते. कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, फक्त झोपण्यासाठी. आणि पायांची नखं दोन दिवस आधी कापून या.

कागदी टेपबद्दल एक अभ्यास आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला, वाळवंटातल्या बहुदिवसीय शर्यतींतल्या 128 धावकांवरचा. औषधाच्या दुकानात मिळणारा साधा कागदी टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळलं. ते वाळवंट होतं, आमचा भातखाचरांचा चिखल आहे, हे लक्षात ठेवून आम्ही तो वापरतो. घरूनच, कोरड्या कातडीवर, सुरकुती न पडू देता लावायचा. ओल्या पायावर तो धरत नाही, आधी स्पिरिटने पुसावं लागतं. खोबरेल किंवा व्हॅसलिन लावणाऱ्यांना टेप विसरावा लागतो, दोन्ही एकत्र चालत नाहीत. तेलाचा गुळगुळीतपणा काही तासांत जातो, मग परत लावायला बसावं लागतं, आणि बसणं हीच तर आमची अडचण होती.

पुढच्या वर्षी मी एकच नियम घातला. पहिल्या तासाभरात एक थांबा आणि दुसरा मसाईच्या देवळापाशी, आणि दोन्ही थांब्यांना सगळ्यांनी बूट काढायचे. ज्याला काही होत नाहीये त्यानेही. लीडरने सर्वांत आधी. सगळ्यांचेच बूट निघाले की कोणाकडे कोणी बघत नाही. प्रत्येक थांब्याला बारा ते पंधरा मिनिटं गेली. त्या वर्षी कोणाला गाडीने पुढे पाठवावं लागलं नाही. फोड तिघांना आले. एका वर्षाच्या हिशेबावरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही, शिवाय पाऊसही कमी होता.

ताई आल्या होत्या, दोन वर्षं वापरलेले टेकडीचे बूट घालून. देवळापाशी टेप तपासला, घट्ट होता. खोतवाडीच्या उतारावर त्या अचानक बाजूला झाल्या आणि बांधावर बसल्या. मी पुढे होतो, मागून हाक आली : “लीडर, करंगळीचा टेप गुंडाळला गेलाय. पाच मिनिटं.” रांग थांबली. कोणीतरी सहाशे बांदलांचं काढलंच. ताईंनी मोजा पिळून त्याच्या दिशेने झटकला.